प्रमुख पाहुण्यांना मरू द्यायचं नाही

माझा घोडा कौलांवर चढला होता आणि खाली उतरायला तयार नव्हता.

"मॅडम, डावीकडचं बटण दाबा," मागून आवाज आला.

डावीकडचं बटण दाबलं. घोड्यावरच्या वीरानं तलवार उपसली आणि हवेत सपासप वार केले. घोडा ढिम्म. खाली अंगणात एक म्हातारी हात जोडून उभी होती, आणि तिच्या घराच्या कौलांवर कोण घोडा घेऊन चढलंय याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

"आता?"

"आता उडीच मारा. हा बग आहे. माहितेय आम्हाला तो."

"घोड्याला माहितेय का?"

मागची मुलगी हसली. मी उडी मारली. घोडा मेला, वीर वाचला.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकात होते. कितीतरी वर्षं मी पाककृतींचं पान सांभाळलं होतं. मग आमच्या संपादकांना 'नवं तंत्रज्ञान' नावाचं साप्ताहिक पान काढायची हुक्की आली. ते माझ्याच गळ्यात का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "शिरगावकर, तुम्हाला आधी काय करायचं आणि मग काय करायचं हे लिहायची सवय आहे." तेव्हापासून मी खमंग काकडीऐवजी मोबाइल चाखून बघू लागले.

त्या दिवशी इचलकरंजीला 'नागमुकुट' नावाचा गेम हाताळायला गेले होते. इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. तिथं साड्या, धोतरं, लुंग्या निघतात हे ठाऊक होतं. सात फण्यांचा नाग निघतो हे नवीन होतं. गेम बाजारात यायला अजून अवकाश होता, पण चार पत्रकारांनी आधी खेळून चांगलं लिहावं म्हणून हा घाट घातलेला. सूतगिरणीच्या सांस्कृतिक भवनात आम्ही जमलो होतो. दारात भलामोठा फ्लेक्स. त्यावर प्रमुख पाहुणे भूपालआप्पा नेजकर, चेअरमन, हात जोडून हसताना. सात फण्यांचा नाग खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत.

मागं उभी असलेली मुलगी म्हणजे प्रणोती कोष्टी. तिनं गेममधलं चांदणवाडी हे गाव रचलं होतं. केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला, आणि मी प्रत्येक बटण दाबताना तिचा श्वास अडकायचा.

घोडा मेल्यावर मी म्हातारीकडे गेले. ती म्हणाली, "बाळा, ओढ्याचं पाणी माझ्या घरात शिरतंय. ओढा वळवून देशील?" खाली तीन पर्याय आले: 'शब्द देतो', 'बघतो', 'नाही जमणार'. पहिला जरा चकाकत होता म्हणून मी तो दाबला. म्हातारीनं माझ्या मनगटाला लाल दोरा बांधला. कोपऱ्यात 'गावाचा विश्वास' असं लिहिलेली पट्टी थोडी वर सरकली. मला बरं वाटलं. मग मी ओढाबिढा विसरून नाग बघायला गेले, दोनदा मेले, आणि गावात परत आले तेव्हा गेममध्ये सूर्य मावळत होता.

मनगटावरचा दोरा काळा पडला. म्हातारी दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. शिवी नाही, शाप नाही. शेजारची भाकरी विकणारी बाई, तिनंही दार लावलं. लोहारानंही. मी गल्लीत एकटी उभी. तलवार होती, पण दारावर ती चालत नव्हती.

मी कंट्रोलर खाली ठेवला. खोटी म्हातारी, खोटं दार, पण मला खरंच ओशाळल्यासारखं झालं, आणि तसं मी बोलून दाखवलं.

"सगळ्या गेममधली एवढी एकच गोष्ट माझी आहे, मॅडम," प्रणोती म्हणाली. "नाग-बिग काय, सगळ्यांकडेच असतात."

तेवढ्यात अभिनंदन चौगुले धावत आला. हा कंपनीचा मालक. अमेरिकेत शिकून आलेला, गळ्यात ओळखपत्र, कपाळाला गंध. प्रमुख पाहुणे भूपालआप्पा हे त्याचे सख्खे मामा, आणि कंपनी चालत होती ती मामांच्या जिवावर.

"प्रणोती, मामा निघालेत घरातनं. संध्याकाळ बंद कर."

"काय?"

"गेममधली संध्याकाळ. ती दारं-बिरं लावतात ती भानगड. मामांसमोर नको. आणि मामा मरायला नकोत."

"अभिदादा, नागाचा गेम आहे. नाग चावणारच."

"चावू दे, पण मरायचं नाही. प्रमुख पाहुण्यांना मरू द्यायचं नाही. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या पडद्यावर 'तुमचा मृत्यू झाला' असं आलं तर? अपशकुन केवढा!"

प्रणोती मुख्य कॉम्प्युटरकडं गेली. दोन-चार कळा दाबल्या. चांदणवाडीत आता सूर्य मावळणार नव्हता आणि आप्पा मरणार नव्हते. देवांनासुद्धा अमृतासाठी समुद्र घुसळावा लागला होता. आप्पांचं काम भाच्याच्या एका निरोपावर झालं.

मागच्या रांगेतून इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. "मी मुरारी कोष्टी. प्रणोती माझी पोरगी. तुमी पेपरवाल्या नव्हं? तिनं गाव वसवलंय बगा त्या पडद्यात. आमच्या चार मागांच्या खडखडाटात बसून शिकली." त्यांचे माग खर्चीवाले होते, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणायची मजुरी यांची. सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

आप्पा आले ते प्रमुख पाहुण्यांना शोभेल इतक्या उशिरानं. पुण्याहून आलेले दोघे यूट्यूबवाले तोवर तांबड्या रश्श्याची चौकशी करू लागले होते. आप्पा गोरे, ठेंगणे, पांढरी टोपी, पायात करकर वाजणारं कापशीचं पायताण. येताना त्यांनी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याही ठेवला असता, पण मी ऐनवेळी वही पुढं केली.

मुरारींजवळ ते थांबले. "काय मुरारी! तुझं ते गटारीचं काम माझ्या ध्यानात हाय बरं का."

"व्हय आप्पा."

"झालंच म्हणून समज."

आप्पा पुढं गेल्यावर मुरारी माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे चमकत होते. "पोरगी शाळेत होती तवा बोललो होतो हो मी. आप्पांना अजून आठवतंय!"

प्रणोती पडद्याच्या वायरी नीट करत होती. तिनं मान वर केली नाही.

मग रीतसर सगळं झालं. शाल, श्रीफळ, सात-आठ जणांचे सत्कार, त्यात ज्यानं खुर्च्या भाड्यानं दिल्या त्याचाही. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, तो नेमका नागाच्या तोंडावर आला. कंट्रोलरला हळदकुंकू लावलं आणि त्यानं दोन बटणं चिकटली. नारळ फुटला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं, आणि ते पुसायला प्रणोती ओढणी घेऊन धावली. आप्पांचं भाषण झालं. आपल्या संस्कृतीत नागाला किती महत्त्व आहे, हे सांगून ते सूतगिरणीच्या विस्तारावर आले आणि तिथंच बराच वेळ राहिले.

शुभारंभाचा कार्यक्रम असा होता की आप्पांनी एक बटण दाबायचं, फोटो निघायचे, टाळ्या व्हायच्या आणि आप्पांनी उठायचं. पण आप्पा उठले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यात डोकावले.

"ह्या म्हातारीला काय पायजे?"

"मामा, ते आपलं असंच... ती ओढा वळवून मागते."

"मग? करू की!" आप्पांनी 'शब्द देतो' दाबलं. म्हातारीनं दोरा बांधला. विश्वासाची पट्टी वर सरकली. आप्पांची कळी खुलली. "अरे, हे तर आपलंच काम!"

आणि मग आप्पा जे सुटले ते थांबेचनात. लोहाराला नागाच्या गुहेतलं लोखंड हवं होतं. "आणतो की!" एका बाईचा मुलगा जंगलात हरवला होता. "आई, रडू नको, उद्या तुझ्या दारात असंल." कुंभाराला भट्टी, गवळ्याला कुरण, देवळाच्या पुजाऱ्याला कळस. आप्पा प्रत्येकाला आधी मोठ्यानं नमस्कार करायचे, मग बटण दाबायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांचाही घोडा एकदा कौलांवर चढला. आप्पांनी तिथूनच गावाला हात केला.

मधेच थांबून त्यांनी विचारलं, "हे 'बघतो' कशाला ठेवलंय?"

"पर्याय आहे, आप्पा," प्रणोती म्हणाली. "विचार करून सांगायचं असेल तर."

"'बघतो' म्हणणाऱ्याला कोण मत देतंय? आणि हे 'नाही जमणार'? हे बटण वापरणारा माणूस मी तरी अजून बघितला न्हाई."

सभागृह हसलं. आप्पांच्या वीराचा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल दोऱ्यांनी भरला. अभिनंदननं दोनदा सुचवलं, "मामा, आता नागाकडं जाऊ या?"

"नागाचं काय काम? त्याला मत हाय काय?"

पट्टी भरली. चांदणवाडीत ढोल वाजले. लोकांनी आप्पांना पारावर बसवलं, डोक्याला फेटा बांधला, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत आलं: 'तुम्ही चांदणवाडीचे नायक झालात'. एकही काम न करता, म्यानातून तलवार न काढता. आम्ही पत्रकार सकाळपासून नागाच्या तोंडी पडत होतो. आप्पांनी नाग बघितलासुद्धा नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि गाव जेवून तृप्त. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुरारी सगळ्यांत पुढं होते.

"भारी केलंय रं, अभि," आप्पा टोपी सारखी करत म्हणाले. "पुढचं सगळं मी बघतो. काळजी करायची न्हाई. पण हे असंच ठेवायचं. ह्यात काय बदलायचं न्हाई."

जेवायला बसलो तेव्हा प्रणोती माझ्याशेजारी होती. पानात जिलेबी, मसालेभात, बटाट्याची भाजी. तिनं कशालाच हात लावला नव्हता. अभिनंदन वाढप्यासारखा फिरत आला आणि तिच्यापाशी वाकला.

"ऐकलंस ना? असंच ठेवायचं. ती संध्याकाळ कायमची काढून टाक. आजच."

"मग शब्द कशाला द्यायचा, अभिदादा? न पाळताच सगळं मिळत असेल तर?"

"लोकांना आवडतंय की! मामांना बघितलंस ना, किती रमले? नाग राहू दे, घोडा राहू दे. दारं नकोत. मामांनी हात काढला तर कंपनी बंद, प्रणोती. तुझं गाव आणि माझा नाग, दोन्ही डब्यात."

तो गेला. प्रणोतीनं पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"मॅडम, आमच्या घरामागं गटार आहे. उघडी. तुंबली की पाणी मागांच्या खाली येतं, सूत भिजतं, माग बंद. मी चौथीत होते तेव्हा आप्पा आमच्या घरी आले होते. आईनं चहा केला. आप्पांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, 'झालंच म्हणून समज' म्हणाले. मी दारामागं उभी होते. मला वाटलं, झालंच. बाबांना अजून वाटतं. भिजलेलं सूत वाळत घालताना आई एकदा म्हणाली होती, पुढच्या वेळी आले तर दार लावून घेईन. आई गेली. तिनं काही लावलं नाही. मग मी गेममध्ये लावलं."

मी तिच्या पानातली जिलेबी तिच्याकडं सरकवली. माणूस पाककृतीचं असलं की दुःखावर त्याला एवढंच सुचतं.

"मला आप्पांना एकदा बघायचंय," ती म्हणाली. "बंद दारासमोर उभे असलेले. खरं नाही तर नाही, पडद्यावर तरी. मग काढून टाकते संध्याकाळ. मग काय वाटेल ते करू दे."

ती उठली आणि थेट आप्पांकडं गेली. ते पान खाऊन निघायच्या बेतात होते.

"आप्पा, तुमच्या गावात अजून दिवस मावळायचाय. तेवढं बघून जावा की."

अभिनंदनच्या हातातून भाताचं ताट पडता पडता राहिलं. पण आप्पा खुशीत होते. "चला की! आमच्या गावात जाऊन येऊ." एका जेवणात गाव त्यांचं झालं होतं.

प्रणोतीनं दोन-चार कळा दाबल्या. कंट्रोलर आप्पांच्या हाती दिला आणि बाजूला हाताची घडी घालून उभी राहिली.

चांदणवाडीत ऊन कलू लागलं. फेटा बांधलेले आप्पा पारावरून उतरले आणि ऐटीत गल्लीतून निघाले. सूर्य डोंगराआड गेला. कोपरापासून सुरुवात होऊन एकेक दोरा काळा पडत गेला.

"हे काय हुतंय?" आप्पा म्हणाले.

आप्पा म्हातारीच्या घरापाशी आले. ती उंबऱ्यात होती. घरात घोट्यापर्यंत पाणी साचलेलं. तिनं आप्पांकडं बघितलं आणि दार लावलं. कडीचा आवाज मोठ्या स्पीकरवर सभागृहभर घुमला. तो आवाज प्रणोतीनं स्वतःच्या घरच्या कडीचा घेतला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

आप्पांनी बटण दाबलं. काही झालं नाही. "अगं आजी, करतो की," ते पडद्याला म्हणाले. मग लोहाराकडं गेले. दार लागलं. हरवलेल्या मुलाच्या आईनं तर त्यांना लांबूनच येताना बघितलं आणि खिडकीसुद्धा लावली. कुंभार, गवळी, पुजारी. प्रत्येक वेळी ती कडी. फेटेवाला वीर एका दारावरून दुसऱ्या दाराकडं धावत होता आणि सभागृहात पंख्यांशिवाय कसलाही आवाज नव्हता. अभिनंदननं डोळे मिटून घेतले होते. मुरारी खुर्चीतून अर्धवट उठलेले.

मला भारी आनंद होत होता. लपवायचं कशाला? असा माणूस असा उघड्यावर उभा राहिलेला बघायला मिळणं हे पत्रकाराच्या नशिबात फार क्वचित असतं. प्रणोती पडद्याकडं बघतच नव्हती. ती आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत होती.

आप्पांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग ते हसले. आधी स्वतःशी, मग मोठ्यानं.

"अभि, हे खोटं हाय रं."

"मामा, काढतो. आत्ता काढतो. प्रणोती, बंद—"

"थांब की! काढ कुठं म्हणलो मी? अरे, फ्लेक्सवर सात तोंडाचा नाग दावलासा, पटला. घोडा कौलावर चढला, त्यो बी पटला. पण हे न्हाई पटत." त्यांनी पडद्यावरच्या बंद गल्लीकडं बोट केलं. "हयात गेली माझी ह्या गावात दारोदार हिंडण्यात. किती कामं बोललो असंन, मला तरी मोजता येतील काय? झाली ती झाली, राहिली ती राहिली. पण एकानं, एका माणसानं माझ्या तोंडावर दार लावलं न्हाई. उलट च्या पाजल्याबिगर सोडलं न्हाई." ते सभागृहाकडं वळले. "काय रं? लावलंय काय कुणी?"

"न्हाई न्हाई, आप्पा!" सगळे हसले. मघाची कोंडी फुटल्यासारखे हसले.

"मग! राहू दे ते तसंच. पोरंटोरं खेळतील. गोष्टीत असतंय असलं."

मुरारी हात जोडून पुढं आले. "आप्पा, पोरीचं चुकलं. दारात आलेल्या माणसाला असं कोण करतंय व्हय? आमच्यात तर वैरी आला तरी पाणी देतात. मन मोठं करा. आज घरला या, च्या घ्या, म्हंजे माझ्या जिवाला बरं वाटंल."

"चुकलं कुठं? हुशार हाय पोरगी!" आप्पांनी मुरारींच्या खांद्यावर हात ठेवला. "येतो की. सांजच्याला येतो. ती गटार बी डोळ्यानं बघतो."

"बाबा, गप बसा," प्रणोती दात आवळून म्हणाली.

"तू गप बस!" मुरारी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्यावर ओरडले असावेत, कारण ती खरंच गप्प बसली.

करकर वाजत पायताण निघून गेलं. अभिनंदन नाचायचाच बाकी होता. मामा खूश, नाग राहिला, दारंही राहिली. त्यानं प्रणोतीचं तोंडभरून कौतुक केलं. ती कॉम्प्युटरवरचा झेंडू उचलत होती.

"जिंकले का मी, मॅडम?" तिनं विचारलं.

"तुझी संध्याकाळ राहिली," मी म्हणाले.

"राहिली. त्यांना ती लागलीच नाही, म्हणून राहिली."

पुढं 'नागमुकुट' बाजारात आला. बरा चालला. मुंबई-पुण्याच्या परीक्षणांत त्या बंद दारांचं फार कौतुक झालं. एकानं तर लिहिलं की भारतीय गावाचं इतकं वास्तव चित्रण यापूर्वी झालेलं नाही. ते वाचून मला आप्पांची आठवण आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं आप्पांशी एकमत झालं.

त्या दिवशी मात्र मुरारींनी मलाही चहाला ओढून नेलं. पेपरवाली बाई घरात असली म्हणजे आप्पांना बरं वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, आणि शेवटी त्यांचं दोन खोल्यांचं घर. मुरारींनी गेल्या गेल्या चारी माग बंद केले. "आप्पांना बोलायला तरास नको." मजुरी बुडली ती बुडली. शेजारून चांगल्या कपबशा आणल्या. प्रणोतीनं चहाचं आधण ठेवलं.

मग मुरारी मागच्या दारानं गटारीकडं गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी गटारीवर दोन लाकडी फळ्या टाकल्या. त्यांच्या कडेनं डब्यातली पांढरी पावडर भुरभुरली, आणि त्यावरही भागेना म्हणून मातीत पाच-सहा उदबत्त्या खोचल्या.

"बाबा, काय करताय?" प्रणोती बाहेर आली. "आप्पा गटार बघायला येणारायत ना?"

"मग? वास नको यायला त्यांना. फळीवर पाय ठिवून बघतील की नीट."

प्रणोती आत आली आणि चहा गाळून परत पातेल्यात ओतून झाकून ठेवला.

आम्ही पुढच्या खोलीत बसलो. मधली खुर्ची आप्पांसाठी, तिच्यावर धुतलेली चादर. गाडीचा आवाज आला की मुरारी उठून उंबऱ्यापर्यंत जायचे. एक टेम्पो गेला, एक दुधाची गाडी गेली. चहा एकदा गरम झाला, पुन्हा गार झाला. गल्लीतले दिवे लागले. माझी कोल्हापूरची बस चुकली, पण 'निघते' म्हणायचा धीर होईना. मागून उदबत्ती आणि गटारीचा मिळून एक विचित्र वास येत होता, आणि पुढच्या दारातून डासांचे थवे.

प्रणोती उठली आणि दाराकडं गेली. "डास येतायत, बाबा. लावते दार."

"राहू दे उघडं," मुरारी म्हणाले. "आप्पा यायचेत."

तिचा हात कडीवर होता. तिनं वडिलांकडं बघितलं, त्या चादर घातलेल्या खुर्चीकडं बघितलं, आणि कडी सोडून परत येऊन बसली. मग आम्ही तिघंही डास मारत बसलो.